ब्रुनो घरात ऐकतो, टेकडीवर का ऐकत नाही?

कोथरूडच्या एका कुटुंबाचा प्रश्न थोडक्यात असा: "आमचा लॅब्रॅडॉर ब्रुनो दोन वर्षांचा आहे. घरात 'बस', 'थांब', 'ये' सगळं ऐकतो. वेताळ टेकडीवर सोडला की कितीही हाका मारा, ढुंकून बघत नाही. दाराची बेल वाजली की घर डोक्यावर घेतो. गेल्या गणपतीपासून ढोल ऐकला की थरथरतो, आणि आता कुकरच्या शिट्टीलाही पलंगाखाली जाऊन बसतो. एका ट्रेनरनी शॉक कॉलर घ्यायला सांगितलंय. दुसरे म्हणतात, हे सगळं पावलॉव्हचं आहे, खाऊ देत राहा. कुणाचं ऐकायचं? आणि घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ दिला तर भीती आणखी पक्की होणार नाही का?"

शॉक कॉलर घेऊ नका. कारण पुढे येईलच. दुसऱ्या ट्रेनरांचं म्हणणं चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. पावलॉव्हच्या कामाचं सार खाऊत नाही, क्रमात आहे. कशाच्या मागोमाग काय येतं, हे कुत्र्याचं शरीर सारखं टिपत असतं. आपण शिकवायला बसलेलो असू किंवा नसू, त्याला फरक पडत नाही. तुमच्या चारही तक्रारी मला या एकाच ठिकाणाहून आलेल्या दिसतात.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह मुळात पचनाचे अभ्यासक. 1904 साली त्यांना नोबेल मिळालं तेही पचनक्रियेवरच्या कामासाठी. सेंट पीटर्सबर्गच्या त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्याच्या लाळग्रंथीची नलिका शस्त्रक्रिया करून गालाबाहेर काढलेली असे, म्हणजे लाळेचा थेंब न् थेंब मोजता येई. अडचण अशी आली की अन्न तोंडात पडायच्या आधीच लाळ सुटायला लागली. खाणं आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी पुरे. प्रयोगात व्यत्यय येतोय म्हणून हे बाजूला सारता आलं असतं, पण पावलॉव्ह यांनी उरलेलं आयुष्य त्यातच घातलं. घंटेची गोष्ट सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. प्रत्यक्षात ते मेट्रोनोम (टिकटिक करत ठेका देणारं यंत्र), बझर, दिवे, त्वचेवरचा स्पर्श असे कितीतरी संकेत वापरत. संकेत आधी आणि अन्न लगेच नंतर, असं पुन्हापुन्हा घडलं की नुसत्या संकेतालाही लाळ सुटते. हीच ती अभिसंधित प्रतिक्षिप्त क्रिया. क्रम उलटा केला, म्हणजे आधी अन्न आणि मग मेट्रोनोम, तर हा संबंध जवळजवळ जुळतच नाही.

लाळ मोजता येते म्हणून पावलॉव्ह यांनी लाळ मोजली. पण संकेत मिळाल्यावर कुत्र्याच्या आत बरंच काही हलतं. छातीचे ठोके बदलतात, श्वास बदलतो, स्नायू ताठ होतात किंवा सैलावतात. ज्याला आपण भीती, उत्साह, विश्वास म्हणतो, त्याचा पाया इथे आहे. आणि यातलं काहीही कुत्रा ठरवून करत नाही.

'बस' म्हटल्यावर बसणं ही वेगळी गोष्ट. तिथे कुत्रा काहीतरी करतो आणि त्याचं फळ त्याला मिळतं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवर हे दाखवलं: ज्या हालचालीने दार उघडतं, ती हालचाल पुढच्या वेळी लवकर होते. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी याचा मोठा अभ्यास केला आणि आजचं बहुतेक प्रशिक्षण त्या पायावर उभं आहे. क्लासला येणारी मंडळी याच भागाकडे बघत असतात. बसला का, थांबला का, आला का. मात्र त्याच क्षणी खालच्या थरात पहिलं शिकणंही चालू असतं. तुमचा आवाज, तुमचा हात, तो पट्टा, ती जागा, हे सगळं कुत्र्याच्या शरीरात कशाशी ना कशाशी जोडलं जात असतं. वरचा थर खालच्यावर उभा आहे. खाली भीती असेल तर वरचं 'बस' टिकत नाही.

आता तुमच्या खाऊच्या प्रश्नाकडे येते, कारण ही समजूत पुण्यात घराघरात आहे. खाऊमुळे वाढते ती कृती. भीती ही कृती नाही. ढोल वाजताना थरथरणाऱ्या ब्रुनोला चिकन दिलं म्हणून तो पुढच्या वेळी चिकन मिळवायला थरथरेल, असं होत नाही, कारण थरथरणं त्याच्या हातातच नाही. उलट ढोलामागून दरवेळी चिकन येत राहिलं, तर ढोलाचा अर्थ हळूहळू बदलू शकतो. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर हेच केलं. मुलगा आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि दिवसेंदिवस थोडाथोडा जवळ आणायचा. शेवटी मुलगा सशाला हात लावू लागला. तेव्हा घाबरलेल्या ब्रुनोला जवळ घ्या, कुरवाळा, खाऊ द्या. त्याने काही बिघडत नाही.

टेकडीवरच्या 'ये' बद्दल बोलण्याआधी घरात एक गोष्ट तपासा. 'बस' म्हणताना तुमचा हात कुठे असतो, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. बहुतेक घरांत हेच दिसतं: शब्द तोंडातून निघायच्या आधीच उजवा हात खिशाकडे किंवा खाऊच्या डब्याकडे सरकलेला असतो, खांदा किंचित झुकलेला असतो. कुत्रा त्या हाताकडे बघून बसतो. शब्द त्याच्या कानावर पडतो, पण तो शब्द त्याला नवीन काही सांगत नाही, कारण हाताने आधीच सगळं सांगून टाकलेलं असतं. असा कुत्रा टेकडीवर तीस फुटांवर पाठ करून उभा असेल तेव्हा त्याच्याकडे ऐकायला काही शिल्लकच नसतं. उपाय साधा आहे, पण त्यासाठी स्वतःला फार आवरावं लागतं. दोन्ही हात शरीराशी स्थिर ठेवायचे, शब्द एकदाच उच्चारायचा, मनात 'एक' म्हणायचं आणि मगच हात हलवायचा. चार-पाच दिवसांत कुत्र्याची नजर हातावरून चेहऱ्याकडे येताना दिसू लागते.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रेस्कॉर्ला यांनी 1960 च्या दशकात उंदरांवर दाखवलं की दोन गोष्टी नुसत्या एकत्र घडून भागत नाही. आवाज आणि सौम्य शॉक यांच्या जोड्या दोन्ही गटांत सारख्याच होत्या. पण एका गटाला आवाज नसतानाही तितक्याच वेळा शॉक बसत होता. त्या गटाने आवाजाची भीती घेतलीच नाही, कारण आवाज झाला काय आणि न झाला काय, शॉकची शक्यता तेवढीच होती. संकेताने काहीतरी बातमी द्यायला हवी. आपल्या घरांत काय होतं? आजी जेवताना पोळीचा तुकडा टाकतात, मुलं टीव्ही बघताना बिस्किट देतात, आणि संध्याकाळी बाबा त्याच बिस्किटावर 'ये' शिकवायला बसतात. जे दिवसभर फुकट मिळतं, त्याची खबर देणाऱ्या शब्दाला किंमत राहत नाही. आजींना रागावू नका. त्यांचा तुकडा चालू द्या, पण 'ये' साठी एक वेगळा पदार्थ राखून ठेवा, जो एरवी घरात कुणीच देणार नाही. उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याएवढे तुकडे. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको, ती कुत्र्यांना विषारी आहेत.

तुमच्या 'ये' चं काय झालं असेल याचा मी अंदाज बांधू शकते. टेकडीवर मोर ओरडतोय, गवतात कसलातरी वास आहे, दोन कुत्री लांबून येतायत. 'ब्रुनो, ये!' तो येतो. पट्टा अडकतो आणि सगळे घरी निघतात. घरातही 'ये' म्हणून बोलावलं की कधी अंघोळ असते, कधी कान साफ करायचे असतात. या शब्दामागून मजा संपते, हे त्याला नीट कळलेलं आहे. त्यातून तो शब्द शेकडो वेळा काहीच न घडता हवेत गेलेला. असा वापरून झिजलेला संकेत दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणं सोपं जातं, हेही प्रयोगांतून दिसलेलं आहे: जो आवाज आधी बराच काळ कशाविनाच ऐकलाय, त्याला पुढे अर्थ चिकटायला जास्त वेळ लागतो. म्हणून 'ये' सोडून द्या. एक शिट्टी घ्या, किंवा घरात एरवी कुणी वापरत नाही असा शब्द.

पहिला आठवडा शिट्टीला फक्त अर्थ द्यायचा. ब्रुनो समोर उभा असताना एकदा वाजवा, एका सेकंदाने चिकन. त्याने काही करायची गरज नाही. दिवसात चार-सहा वेळा, वेगवेगळ्या खोल्यांत, अनपेक्षित वेळी. शिट्टी ऐकून त्याची मान ज्या झटक्याने वळते, कपाळावरची कातडी सैल होते, तोंड किंचित उघडतं, ते बघा. तुम्हाला लाळ मोजायची गरज नाही, ती मान बघितली की पुरे. ती मान आपोआप वळायला लागल्यावरच अंतर वाढवायचं. मग सोसायटीचा जिना, मग पार्किंग, मग सकाळी लवकर रिकामा रस्ता, आणि टेकडी सर्वांत शेवटी. टेकडीवर सुरुवातीचे काही महिने दहा मीटरची लांब दोरी लावूनच. शिट्टीला आला की खाऊ, आणि बहुतेक वेळा पुन्हा मोकळं सोडायचं: 'जा, हुंग.' घरी जायचं असेल तेव्हा शिट्टी वाजवू नका, चालत त्याच्यापाशी जा आणि दोरी उचला.

घरात येतं ते टेकडीवर का येत नाही, याचं उत्तर पावलॉव्ह यांच्या इमारतीतच आहे. बाहेरून एखादी गाडी गेली, कुणी खोकलं, तरी त्यांच्या कुत्र्यांचा शिकलेला प्रतिसाद कोलमडायचा. कुत्रा मान वळवून 'काय आहे ते?' बघायचा आणि लाळ थांबायची. शेवटी त्यांनी प्रयोगांसाठी जाड भिंतींची, आवाज आत येऊ न देणारी स्वतंत्र इमारत उभी केली. तिला शांततेचा मनोरा म्हणत. ज्यांनी हा विषय जन्माला घातला, त्यांना त्यासाठी अशी इमारत बांधावी लागली, आणि आपण कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता कुत्र्याला 'बस' म्हणतो आणि न बसल्यावर त्याला हट्टी ठरवतो. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

बेलचं लवकर आटोपते. बेल, मग दार, मग नवा माणूस, हा क्रम ब्रुनोने दोन वर्षांत पाठ केलाय. कुणी न येता बेल पुन्हापुन्हा वाजवत राहिलात तर प्रतिसाद कमी होईल, पण पावलॉव्ह यांनाही दिसलं होतं की असा विझलेला प्रतिसाद मध्ये खंड पडला की परत उसळतो. त्यापेक्षा बेलला नवा अर्थ द्या. बेल वाजली की स्वयंपाकघराजवळच्या चटईवर चिकन पडतं, दाराशी नाही. आधी घरातल्याच कुणीतरी ठरवून बेल वाजवायची. दूधवाला, कुरिअरवाला यांच्या वेळेला पहिले काही आठवडे ब्रुनो आतल्या खोलीत असला तर उत्तम, म्हणजे जुना क्रम रोज पक्का होत राहणार नाही.

ढोलाचा प्रश्न मला यात सर्वांत गंभीर वाटतो. सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला, म्हणजे त्याच सेंट पीटर्सबर्गला, मोठा पूर आला. पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं, कुत्री छताला नाक लावून पोहत होती, आणि त्यांना महत्प्रयासाने बाहेर काढलं गेलं. जीव वाचला, पण काही कुत्र्यांचं महिनोन्महिने शिकवलेलं सगळं पुसलं गेलं. त्यातल्या एकाचे प्रतिसाद हळूहळू परत आले. मग एके दिवशी खोलीच्या दाराखालून थोडंसं पाणी आत सोडलं, तर तो कुत्रा पुन्हा पार विस्कटला. आपल्याकडे ज्यांनी 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर पाहिला, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. भीती एका अनुभवात बसू शकते आणि तिथून आजूबाजूला पसरते. ढोलानंतर कुकरची शिट्टी हे तसंच पसरणं आहे. 'बस' हॉलमधून गॅलरीत न्यायला आठवडे लागतात, भीती मात्र एका रात्रीत घरभर फिरते.

'सवय होईल, मिरवणुकीला घेऊन जा' असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. पळता येत नाही अशा जागी मोठा आवाज पुन्हापुन्हा ऐकवला, तर बहुतेक कुत्र्यांची भीती वाढते. काही कुत्री अगदी गप्प होतात आणि लोकांना वाटतं, झाली सवय. तोंड घट्ट मिटलेलं, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, चिकन नाकापाशी धरलं तरी घेत नाही. हा कुत्रा सरावलेला नाही, गोठलेला आहे.

चिकन नाकारणं हेच तुमचं मोजमाप. आवडीचं खात नाही म्हणजे आवाज फार जवळ आहे किंवा फार मोठा आहे. आणखी लांब जा. ढोल-ताशा पथकांचा सराव गणपतीच्या साधारण दोन महिने आधी नदीपात्रात आणि मैदानांवर सुरू होतो, म्हणजे आपल्याला तोवर थांबायचं नाही. चैत्र-वैशाखातच मोबाइलवर ढोलाचं रेकॉर्डिंग लावून सुरुवात करा. आवाज इतका लहान, की ब्रुनोचा कान फक्त हलेल. ढोल सुरू, मग चिकन. ढोल बंद, चिकन बंद. इथे सगळ्यांचा हात घाईने पुढे जातो: डबा उघडतात, चिकन काढतात आणि मग ढोल लावतात. त्याने उलटंच शिकलं जातं. चिकनचा डबा ढोलाची धोक्याची सूचना बनतो आणि कुत्रा डबा बघून पलंगाखाली जातो. अशी कुत्री माझ्याकडे येतात, आणि मग डब्याची भीती वेगळी काढावी लागते. तेव्हा डबा आधीपासून हाताशी ठेवा, शांत बसा, आवाज आधी येऊ द्या.

मोबाइलवरचं जमलं म्हणजे खरा ढोल जमला असं नाही. खऱ्या ढोलाचा हादरा जमिनीतून येतो, तो फोनमध्ये नसतो. सराव सुरू झाल्यावर जिथून तो जेमतेम ऐकू येतो अशा गल्लीत फिरायला न्या आणि तोच क्रम पाळा. विसर्जनाच्या दिवशी मात्र शिकवणं नको. आतली खोली, बंद खिडक्या, पंखा, घरचं माणूस सोबत. प्राण्यांच्या डॉक्टरांना आधीच भेटून औषधाचं विचारा, आणि स्पष्ट सांगा की नुसतं अंग सुस्त पाडणारं नको, भीती कमी करणारं हवं. आतून घाबरलेला पण हलता न येणारा कुत्रा फार वाईट अवस्थेत असतो.

आता शॉक कॉलर. ब्रुनो टेकडीवर एखाद्या लहान मुलाकडे किंवा दुसऱ्या कुत्र्याकडे बघत धावतोय आणि तुम्ही बटण दाबलं. तुमच्या मनात त्याचा अर्थ 'हाक न ऐकल्याची शिक्षा'. त्याच्या शरीराने टिपलेला क्रम: मूल दिसलं, मान भाजली. थांबला हे खरं, आणि लोक त्या थांबण्याचे पैसे देतात. पण खालच्या थरात जे जोडलं गेलं, ते काही महिन्यांनी गुरगुरण्यातून बाहेर येतं. दुसरा कुत्रा दिसला की पट्ट्याला झटका देणाऱ्यांच्या बाबतीतही नेमकं हेच होतं.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, तीही माहीत असू द्या. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड हे दांपत्य जाहिराती आणि प्रदर्शनांसाठी प्राणी शिकवायचं. 1961 मध्ये त्यांनी लिहिलं की रॅकूनला नाणी पेटीत टाकायला शिकवलं, तर तो काही दिवसांनी नाणी एकमेकांवर घासत बसतो. डुकरं लाकडी नाणी मुस्कटाने उकरत बसतात, आणि खाऊ लांबतो तरी थांबत नाहीत. नाण्याचा संबंध अन्नाशी इतका पक्का झाला, की अन्नाशी जे करायचं ते त्यांनी नाण्याशी केलं. जातीचा स्वभाव वर आला. लॅब्रॅडॉर तोंडात वस्तू धरणारच. कारवानी कुत्रा पळत्या सशामागे जाणारच, तिथे शिट्टी कितीही चांगली बसवली तरी दोरी हातात ठेवलेली बरी.

सुरुवात कुकरपासून करा. ढोल तुमच्या हातात नाही, गॅसचं बटण आहे. पहिल्या दिवशी ब्रुनोला घरातल्या सर्वांत लांबच्या खोलीत, दार लावून, कुणातरी सोबत बसवा. कुकरमध्ये नेहमीचा वरण-भात. शिट्टी ऐकू आली की त्या माणसाने लगेच चिकन द्यायचं, शिट्टीच्या आधी डब्याला हात लावायचा नाही. त्याने खाल्लं, तर दुसऱ्या दिवशीही तीच खोली. चार दिवस सलग मान उंचावून वाट बघताना दिसला की दार अर्धं उघडा.